चावीचा डबा: सांगलीतल्या एका घराच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, ४ जानेवारी २०२५

घर विश्रामबागेत, तळमजला, पुढे पोर्च. पोर्चमध्ये एक बटणस्टार्ट गाडी, तिच्यामागे जुनी रिमोटवाली हॅचबॅक, कडेला स्कूटर. चाव्या घरात असताना बाहेरच्या माणसाला त्यांचा उपयोग होता कामा नये, एवढंच काम.

आधी चाव्यांची वर्गवारी. हॅचबॅकच्या चावीला पातं आणि दोन बटणं. बटण दाबल्याशिवाय ती काही पाठवत नाही, त्यामुळे तिला फक्त उचलून नेण्यापासून जपायचं. स्कूटरचीही तीच गत. बटणस्टार्ट गाडीची स्मार्ट चावी मात्र खिशात पडल्या पडल्या गाडीच्या हाकेला ओ देते. ओळखायची खूण सोपी: दाराच्या हँडलवर छोटं बटण असेल किंवा नुसत्या स्पर्शाने, चावी खिशातून न काढता दार उघडत असेल, तर चावी या जातीची. गाडीची हाक आत आणि चावीची ओ बाहेर जाऊ न देणारा धातूचा डबा करायचा, तो हिच्यासाठी. सरसकट सगळ्या चाव्या डब्यात कोंबल्या की डबा भरतो, झाकण बसत नाही आणि जिच्यासाठी केला तीच उघडी राहते.

जुडग्यातून आज तीन गोष्टी काढल्या. गाडीचा नंबर लिहिलेलं प्लास्टिकचं बिल्ला-कीचेन; चावी हरवली तर सापडणाऱ्याला गाडी शोधायचे कष्ट तरी पडू देत. घराच्या लॅचची चावी, कारण एका जुडग्यात गाडी आणि घर दोन्ही द्यायचं कारण नाही. आणि नव्या गाडीबरोबर आलेली धातूची बारीक पट्टी, जिच्यावर चावीचा क्रमांक कोरलेला असतो. त्या क्रमांकावरून पातं कापून मिळतं. लोक ती दागिना असल्यासारखी जुडग्याला तशीच ठेवतात. ती आता गाडीच्या कागदांच्या फाइलमध्ये.

रविवार, ५ जानेवारी

रेडिओ लहरींच्या आधी खिडकी.

चाव्यांचा लाकडी स्टँड मुख्य दाराच्या आत, उजव्या भिंतीवर. शेजारच्या खिडकीपासून ७० सेंटिमीटर. खिडकीला गज आहेत, गजांमध्ये चार इंचांची मोकळी जागा. मच्छरजाळी सरकती आहे आणि ती सरकवलेलीच असते. फाटकातून पाहिलं तर स्टँड दिसतो.

मागच्या अंगणात शेवग्याच्या शेंगा काढायची आकडी होती: आठ फूट बांबू, टोकाला तारेचा वाक. ती बाहेरून गजांतून आत घातली. पहिल्या खेपेला जुडगं खुंटीवरून निसटून खाली पडलं. दुसऱ्या खेपेला कडी आकड्यात अडकली आणि जुडगं गजांतून अलगद बाहेर आलं. आवाज म्हणाल तर किल्ल्यांचा किणकिणाट, पंखा चालू असेल तर तोही ऐकू येणार नाही. एकूण वेळ दीड मिनिटाच्या आत.

याच आकडीने खुर्चीवर टाकलेली विजारही ओढता येते, खिशात काय असेल ते तिच्यासकट. उन्हाळ्यात खिडक्या रात्रभर सताड उघड्या असणाऱ्या गावात हा प्रकार रेडिओ लहरींनी चावीला फसवणाऱ्या लॅपटॉप-अँटेनावाल्या चोरापेक्षा कितीतरी जवळचा आहे. म्हणून पहिला बदल फुकटचा: स्टँड उतरवला. नवी जागा जेवणघर आणि मधल्या खोलीमधली भिंत, जिथे कुठल्याही खिडकीतून नजर किंवा काठी पोचत नाही. गिट्ट्या काढलेली भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवली.

उशाखाली चावी ठेवायचा प्रस्ताव घरातून आला होता. तो मान्य केला नाही. घरात शिरलेला चोर चावीसाठी माणसापर्यंत यावा, अशी सोय आपण करू नये.

शनिवार, ११ जानेवारी

आज मोजमाप. स्मार्ट चावीचा व्यवहार दोन टप्प्यांत चालतो. हँडलचं बटण दाबलं की गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपास हाक मारते. ती खरं तर रेडिओपेक्षा चुंबकीय क्षेत्राची हाक असते आणि मीटर-दीड मीटरपलीकडे विरून जाते. चावीला हाक ऐकू आली तर ती वरच्या पट्टीत, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ४३३.९२ मेगाहर्ट्झवर, उत्तर देते. हे उत्तर सहज पन्नास पावलं जातं. म्हणजे ‘चावी जवळ आहे’ हे गाडी ठरवते ते हाक आखूड पल्ल्याची आहे एवढ्याच भरवशावर.

चोर हाच भरवसा मोडतो. एक जण गाडीपाशी हाक पकडतो, दुसरा घराच्या भिंतीपाशी मोठ्या वेटोळ्याच्या अँटेनातून तीच हाक जोरात मारतो. चावी इमानदारीने उत्तर देते. संकेत उलगडावा लागत नाही, चावीची नक्कल करावी लागत नाही. नुसती निरोप्याची कामगिरी. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ८ कंपन्यांच्या १० मॉडेलांवर हे करून पाहिलं, दहाही फसली. नंतर काही कंपन्यांनी चावीत हालचाल ओळखणारा सेन्सर घातला (चावी काही मिनिटं स्थिर पडली की झोपते), काहींनी अल्ट्रा-वाइडबँड घातला, ज्यात लहरीला लागलेल्या वेळावरून अंतर मोजतात. या घरातली चावी यांपैकी कुठलीच नाही. तपासलं: टेबलावर अर्धा तास न हलवता ठेवली, टेबल गाडीच्या दाराला लावलेलं, हँडलचं बटण दाबलं. दार उघडलं.

चावी हातात घेऊन एकेक पाऊल मागे सरकत पाहिलं. चालकाच्या दारापासून १.१ मीटरपर्यंत उघडतं, डिकीपाशी ०.९. जुना स्टँड गाडीपासून २.६ मीटरवर होता. म्हणजे एरवी गाडी उघडत नव्हती आणि घरच्यांना सगळं सुरक्षित वाटत होतं. पण नऊ इंची विटेची भिंत १२५ किलोहर्ट्झला जवळपास नसल्यासारखीच. आणि स्टँड बाहेरच्या भिंतीपासून आत १ मीटरही नव्हता.

इथे एक आकडा उपयोगी पडतो. हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात पडतं: अंतर दुप्पट, तर जोर आठ पट कमी. १ मीटरवरून ५ मीटरवर चावी नेली की चोराच्या अँटेनाचा जोर तिच्यापाशी १२५ पट कमी. नवी जागा तिन्ही बाहेरच्या भिंतींपासून किमान ४.५ मीटर आत आहे. डबा अजून झालेलाही नाही, पण काम बरंचसं झालं.

रविवार, १२ जानेवारी

घरात जे जे सापडलं त्यात चावी घालून हँडलला टेकवून बटण दाबलं. हँडलला टेकवणं ही मुद्दाम कडक परीक्षा. वरच्याच हिशोबाने ३० सेंटिमीटरवर हाकेचा जोर दीड मीटरवरच्या जोराच्या १२५ पट असतो. इथे जो डबा टिकेल तो चोराच्या वेटोळ्यासमोरही टिकायची आशा आहे. दहा पावलांवर डबा धरून ‘नाही उघडली बघा’ म्हणणं म्हणजे परीक्षा नव्हे. तिथे उघडी चावीही उघडत नाही.

स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल, एक थर: उघडलं. तीन थर, कडा नीट दुमडून: नाही उघडलं. तीच फॉइल चार वेळा सोडून पुन्हा गुंडाळली: उघडलं. फॉइल साधारण ११ मायक्रॉन जाड. १२५ किलोहर्ट्झला अॅल्युमिनियममध्ये मुरायला २३० मायक्रॉनच्या आसपास खोली लागते, त्यामुळे पातळ फॉइल ही हाक थोडी मंद करते, थांबवत नाही. चावीचं उत्तर ती अडवू शकते, पण घड्यांवर चिरा पडल्या की तेही गेलं.

स्टीलचा मसाल्याचा डबा: उघडलं. याचं घरात सगळ्यांना आश्चर्य वाटलं. लोहचुंबक लावून पाहिला, चिकटला नाही. भांड्यांचं बहुतेक स्टेनलेस स्टील चुंबकाला न चिकटणारं आणि विजेला तसं नाखूश वाहक, म्हणून या हाकेपुढे लेचंपेचं. त्यातून झाकण सैल.

कुकर, ‘इंटरनेटवर सांगतात’ म्हणून: दहापैकी चार वेळा उघडलं. भिंत तीन मिलिमीटर जाड, तिला बोल लावायला जागा नाही. पण रबरी रिंग झाकणाला भांड्यापासून विजेच्या दृष्टीने वेगळं पाडते आणि चावीचं उत्तर त्या वर्तुळाकार फटीतून निघून जातं. शिवाय सकाळी सहाला डाळ लावणारा माणूस आत बघेलच असं नाही.

मायक्रोवेव्ह: गाडीपाशी नेऊन तपासलाही नाही. त्याच्या दाराची रचना २.४५ गिगाहर्ट्झ अडवायला केलेली असते, ४३३ मेगाहर्ट्झची हमी कुणी दिलेली नाही. आणि कुणी चुकून चालू केला तर चावी जळाली.

बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा, १९ सेंटिमीटर व्यासाचा, जसाच्या तसा: दहापैकी तीन वेळा उघडलं. चुंबक कडकन चिकटतो. पोलादी पत्रा पाव मिलिमीटरचा असला तरी लोहचुंबकीय असल्यामुळे १२५ किलोहर्ट्झची हाक त्यात पार मुरते. मग तीनदा गळलं कुठून? झाकणातून. मल्टिमीटरचं एक टोक झाकणाला, दुसरं डब्याला: काहीच जोडलेलं नाही. बाहेर छपाई, आत सोनेरी लॅकर, दोन्ही विद्युतरोधक. म्हणजे झाकण डब्यावर बसलं होतं, पण विजेच्या हिशोबाने अधांतरी होतं.

निवड पत्र्याच्या डब्याची. चुंबक चिकटणं ही दुकानात उभ्या उभ्या करता येणारी परीक्षा.

मोबाइल डब्यात ठेवून रिंग द्यायची जी युक्ती सांगतात, तिच्यावर विसंबू नये. मोबाइल ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झसारख्या पट्ट्यांवर बोलतो. तो गप्प बसला म्हणजे चावीला १२५ किलोहर्ट्झ ऐकू येत नाही, असं होत नाही.

शनिवार, १८ जानेवारी

डबा क्रमांक एक. साहित्य: तोच गोल डबा, २२० नंबरचा पॉलिश पेपर, २५ मिलिमीटर रुंद तांब्याची चिकटपट्टी, सव्वा मीटर, ३ मिलिमीटर जाड फोमची पट्टी, ६५ सेंटिमीटर, तळाला घालायला जुन्या मखमलीचा तुकडा.

तांब्याची पट्टी घेताना फसायला होतं. दिसायला सगळ्या सारख्या, पण काहींचा गोंद वीज वाहून नेतो, काहींचा नाही. बागेत गोगलगायींसाठी विकतात ती बहुधा दुसऱ्या जातीची. तपासणी: दोन तुकडे एकावर एक चिकटवायचे आणि मल्टिमीटरची टोकं दोन्ही तुकड्यांच्या वरच्या अंगाला लावायची. विजेला होणारा अडथळा एका ओहमच्या आत आला तर घ्यावी. पहिलं रीळ नापास झालं, दुसरं ०.४ वर आलं, त्यातले ०.२ तर मल्टिमीटरच्या वायरींचेच.

लॅकर थिनरने निघेल या आशेने कापूस घासला. हाताला वास राहिला, लॅकर तसूभर हललं नाही. भट्टीत भाजलेला थर थिनरला दाद देत नाही. पेपरनेच काढावा लागतो. डब्याच्या काठाला बाहेरून १२ मिलिमीटर आणि झाकणाच्या कडेला आतून तेवढंच घासलं. राखाडी-पांढरी चकाकी दिसली की थांबायचं. ती कथलाची असते, पत्र्याला गंजापासून वाचवणारी. जोर लावून पुढे घासलं की खालचं काळसर पोलाद वर येतं आणि पावसाळ्यात त्याची वसुली होते. दोन ठिकाणी हात जास्त चालला, काठावर बोटभर लांबीचे काळे डाग उमटले.

मग फोमच्या पट्टीभोवती तांब्याची पट्टी लांबीत गुंडाळून एक मऊ, वाहक दोरी तयार केली आणि ती झाकणाच्या आतल्या कडेने चिकटवली. सांध्यावर १० मिलिमीटर एकावर एक. झाकण दाबलं की फोम दबतो आणि तांबं सगळीकडून काठाला टेकतं.

सगळीकडून टेकणं का हवं? पत्र्याच्या डब्यातली फट किती रुंद यापेक्षा किती लांब याला महत्त्व आहे. ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ६९ सेंटिमीटर. तिच्या निम्मी, साडेचौतीस सेंटिमीटर लांबीची फट केसाएवढी अरुंद असली तरी अँटेनासारखी वागते. १९ सेंटिमीटरच्या गोल डब्याचा परीघ जवळपास ६० सेंटिमीटर. म्हणजे न टेकणारं झाकण हीच एक उत्तम अँटेना. दर साडेतीन सेंटिमीटरच्या आत झाकण एकदा टेकलं पाहिजे असं धरलं. उलट डब्याला ५ मिलिमीटरचं भोक पडलं तर काही बिघडत नाही.

हँडलला टेकवून वीस वेळा, डबा दर खेपेला थोडा फिरवून. एकदाही उघडलं नाही.

रविवार, १९ जानेवारी

वीसपैकी शून्य चांगलं, पण हाक अडली की उत्तर अडलं हे त्यातून कळत नाही. दोन्ही अडले तर एक बिघडलं तरी दुसरं सांभाळतं. म्हणून उत्तराची वेगळी तपासणी.

लॅपटॉपला आरटीएल-एसडीआर डोंगल (रेडिओ लहरी पकडून पडद्यावर दाखवणारा छोटा रिसीव्हर), १७ सेंटिमीटरची सरळ तार अँटेना म्हणून, पडद्यावर ४३३.९२. चावी डब्यात असताना बटण दाबायचं कसं? बटणावर वाळलेला वाटाणा ठेवला आणि वरून रबर बँड आवळला. ही चावी बटण दाबून धरल्यावर काही सेकंदच पाठवत राहते, तेवढ्यात झाकण लावायचं. हे गाडीपासून लांब करावं. बऱ्याच गाड्यांत अनलॉक दाबून धरलं की चारही काचा खाली जातात. दाबायचं बटण लॉकचं घेतलं.

झाकण उघडं: पडद्यावर पिवळी धमक रेघ. झाकण बसलं: रेघ गेली, काळंभोर. मग झाकणाखाली एका बाजूने काडेपेटीची काडी सरकवली. दोन मिलिमीटरची फट, दिसायला झाकण लागलेलंच. रेघ परत आली, थोडी फिकी, पण आली. काडी काढली, गेली. घरच्यांना कालचं सगळं गणित सांगून जे पटलं नव्हतं ते या काडीने पटवलं.

याच काडीचं काम करणाऱ्या वस्तू: जुडग्याची साखळी, कीचेनची चामड्याची शेपटी, घाईत आत टाकलेली पार्किंगची पावती. साखळी तर जास्तच वाईट, कारण आतून बाहेर आलेली धातूची तार स्वतःच अँटेना होते. स्मार्ट चावीचं कीचेन काढून टाकलं.

रविवार, २६ जानेवारी

दुसरी चावी. ती बेडरूमच्या लोखंडी कपाटात, दागिन्यांच्या कप्प्यात होती. कपाटाची मागची बाजू पोर्चच्या भिंतीला लागून, भिंतीपलीकडे गाडी. मुख्य चावीला जेवणघरात नेलं आणि तिची जुळी बहीण गाडीच्या कुशीत ठेवली, असं झालं होतं. लोखंडी कपाटाच्या दारांना आरपार फटी असतात. त्याला डबा मानू नये.

हिला डबा केला नाही. सेल काढला, झालं. मागचं झाकण पात्याच्या खाचेतून नाणं फिरवून उघडलं. सीआर २०३२, ३ व्होल्ट. सेल नाही तर हाकेला उत्तर नाही. गाडी मात्र या चावीने चालू होते, कारण इंजिनाला परवानगी देणारी आतली चिप सेलवर चालत नाही. ती गाडीकडूनच वीज घेते, आणि तेही काही सेंटिमीटरवरून.

बंद करून ठेवायच्या आधी पूर्ण फेरी करून पाहिली. चावीच्या पोटातलं पातं काढून चालकाचं दार उघडलं. अलार्म वाजला, बऱ्याच गाड्यांत पात्याने उघडल्यावर वाजतो, घाबरू नये. ब्रेक दाबून चावीचं तोंड स्टार्ट बटणाला टेकवलं, बटण दाबलं, इंजिन चालू, अलार्म बंद. काही गाड्यांत टेकवायची जागा कप होल्डरच्या तळाशी किंवा वेगळ्या खाचेत असते, मॅन्युअलमध्ये चित्र असतं. ते आजच पाहून ठेवावं, रात्री दोनला हायवेवर नव्हे.

काढलेला सेल कागदाच्या दोन घड्यांत, वरून टेप, दागिन्यांच्या कप्प्यातच वर. लहान मुलाच्या हाती बटणसेल लागू देऊ नये. गिळला तर अन्ननलिका जाळतो.

दुसरी चावी हरवू देऊ नये याचं आणखी एक कारण विमा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक नसेल तर ती कुठे गेली याचं उत्तर द्यावं लागतं. चावी खरोखर हरवली तर उरलेली चावी घेऊन वर्कशॉपला जावं आणि गाडीच्या स्मृतीतून हरवलेली पुसून घ्यावी. तेवढ्याने तिच्या पात्याने दार उघडणं थांबत नाही, पण इंजिन चालू होत नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

डबा बसवून दोन आठवडे. डब्याशेजारच्या कागदावर रोज रात्री दहाला एक खूण: चावी आत की बाहेर. १४ रात्रींपैकी ८ आत, ४ झाकणाच्या वर, २ फ्रिजवर.

दोष घरच्यांचा नाही. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात चावी. फोममुळे घट्ट झालेलं गोल झाकण काढायला दोन्ही हात लागतात. पंधराव्या दिवशी कुणीही ते सोडून देईल. झाकण एका अंगठ्याने उघडलं पाहिजे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

डबा क्रमांक दोन. गणपती पेठेतून बिजागरीचा चौकोनी पत्र्याचा डबा, २० बाय १४ बाय ७ सेंटिमीटर, पुढे पेटीला असतो तसा खटका. आतून रंग नाही, बाहेरून हिरवा. कडा घासून तीच फोम-तांब्याची दोरी.

पहिल्यांदा चारही बाजूंना ३ मिलिमीटरचाच फोम लावला. बिजागरीच्या बाजूचा फोम आधी दबला आणि झाकणाला पुढून उचलून धरायला लागला. खटका बसेना, बळेच बसवला तर मधोमध फट. मागची पट्टी काढून तिथे २ मिलिमीटरचा फोम लावला, पुढे आणि बाजूंना ३ चाच. खटका ‘टक्’ वाजून बसला. मागची बाजू बिजागऱ्या धातूच्या आहेत म्हणून सोडून द्यायचा मोह होतो. दोन बिजागऱ्यांमध्ये १२ सेंटिमीटरची फट आहे, सोडू नये.

एक अनपेक्षित फायदा: खटका लावला नाही तर फोम झाकणाला बोटभर उचलतो. म्हणजे डबा अर्धवट बंद राहूच शकत नाही. एक तर बंद, नाही तर लांबून दिसेल असा उघडा.

हँडल: वीसपैकी शून्य. पडद्यावर रेघ नाही. ६ मिलिमीटरच्या बिटने दोन भोकं, गिट्ट्या, दीड इंची स्क्रू, लाकडी फळीवर डबा. खांद्याच्या उंचीवर.

शनिवार, १ मार्च

१४ रात्रींपैकी १३ आत. डब्याचं काम झालं असं धरून बाहेरच्या गोष्टी.

रिमोटने लॉक करतानाचा धोका. ४३३ मेगाहर्ट्झवर कुणी गोंगाट सोडला तर लॉकचा संदेश गाडीपर्यंत पोचतच नाही; आपण बटण दाबून निघून जातो, गाडी उघडीच. इंडिकेटर चमकले, आरसे मिटले हे पाहूनच हलावं. हँडल ओढून पाहायची सवय हॅचबॅकला लागू आहे. स्मार्ट चावी खिशात ठेवून हँडल ओढलं तर काही गाड्या उघडणारच, आणि माणूस उगाच वर्कशॉपला फेऱ्या मारतो. चावी दुसऱ्याकडे देऊन चार पावलं लांब उभं करावं, मग ओढावं.

मॅन्युअल चाळताना कळलं की या गाडीत हाक-उत्तर बंद करायची सोय नाही. टोयोटाच्या काही चाव्यांत आहे: लॉक दाबून धरून अनलॉक दोनदा, चावीवरचा दिवा चारदा लुकलुकतो, चावी झोपते. कोणतंही बटण दाबलं की जागी. ज्यांच्याकडे ही सोय आहे त्यांनी डबा करायच्या आधी ती वापरावी.

डबा ज्यांना अडवत नाही तेही लिहून ठेवायला हवं. काच फोडून ओबीडी पोर्टमधून (वर्कशॉपवाले तपासणीचं यंत्र जोडतात ती जागा) गाडीला नवी चावी शिकवणारे. हा पोर्ट स्टिअरिंगपासून दोन फुटांच्या आत, डॅशबोर्डखाली असतो. त्यावर बसणारं कुलूपबंद झाकण मिळतं, बसवलं, त्याची चावी सर्व्हिसिंगला देताना विसरू नये. हेडलाइटमागच्या वायरिंगमधून गाडीच्या नेटवर्कवर खोटे संदेश घालायची पद्धत २०२३ मध्ये उजेडात आली. तिला घरातल्या चावीशी देणंघेणंच नाही. या दोन्हींसमोर स्टिअरिंगला लावायचा लोखंडी दांडा जास्त उपयोगाचा. पिवळा, जाड, बाहेरून दिसणारा घेतला.

शनिवार, १९ एप्रिल

गावाला जाताना वापरायला जानेवारीत घेतलेली कापडी पाकीट-पिशवी आज पुन्हा तपासली. नवी असताना हँडलला टेकवून पास होती. आता दहापैकी सहा वेळा दार उघडलं. आतलं चंदेरी कापड घडीच्या रेषेवर झिजून पांढरं पडलंय, उजेडासमोर धरलं तर रेषा दिसते. रोज दोनदा दुमडायच्या जागेवर धातूचा मुलामा तीन महिने टिकला, यात पिशवीचा गुन्हा नाही. पण या पिशव्या ‘आजन्म’ म्हणून विकतात त्यांनी ती रेषा बघावी. शिवाय पिशवीला दोन कप्पे असतात आणि पुढचा कप्पा साधा कापडाचा. चावी त्यात गेली की पिशवी म्हणजे नुसतं पाकीट. पुढचा कप्पा शिवून टाकला, नवी पिशवी घेतली, तपासणी महिन्याला.

शनिवार, २१ जून

पाऊस लागून राहिलाय. डबा दोन: हँडल वीसपैकी दोन वेळा उघडलं. जून येईपर्यंत शून्यावर होता.

झाकण ते डबा मल्टिमीटरवर जागोजाग मोजलं. तीन बाजू ०.४ ते ०.६. डाव्या कोपऱ्यात ३८ ओहम, बोट दाबलं की कमी, सोडलं की जास्त. तांब्याची पट्टी कोपऱ्यात उचलली होती. खाली विटकरी रंगाची रेघ, बोटाला लागणारी. पोलाद आणि तांबं, मध्ये ओल. पोलाद आधी जाणार हे ठरलेलंच. जिथे फेब्रुवारीत पेपर जास्त चालला होता, नेमकं तिथेच.

पट्टी सोलली. गंज ४०० नंबरच्या पेपरने पुसला, कोरड्या फडक्याने स्वच्छ केला, चाळीस वॅटच्या दिव्याखाली अर्धा तास ठेवला. नवी पट्टी, कोपऱ्यात एकच तुकडा वळवण्याऐवजी दोन तुकडे काटकोनात, एकावर एक १५ मिलिमीटर. काठाला व्हॅसलीनचं बोट, नुसता ओलसर दिसेल इतकंच. बॅटरीच्या टर्मिनलला लावतात तसं. दाबाखाली धातू त्याला बाजूला सारून टेकतो, ओल मात्र बाहेर राहते.

मोजलं: कोपरा ०.५. हँडल वीसपैकी शून्य.

डबा एक, तो गोल, शेजारच्यांनी मागितला. देताना काठ चाचपला तर एका जागी आत दबलेला, कधीतरी पडला असणार. काडी न लावताही पडद्यावर रेघ दिसली. पक्कडीच्या तोंडाला कापड गुंडाळून काठ सरळ केला, पुन्हा पाहिलं, रेघ अजून फिकी दिसत होती. आणखी थोडा बाहेर ओढला. आता नाही. पुढची तपासणी दोन्ही डब्यांची एकत्र, ऑगस्टच्या पहिल्या रविवारी.